सौरवादळाची नोंद अलिबागला, तयारी कुठे?

अवकाशातल्या किरणोत्सर्गाची बातमी आपल्याकडे बहुतेक वेळा दोनच रूपांत येते. एक तर कुठला तरी तारा फुटून पृथ्वीवरची जीवसृष्टी संपणार असते, नाहीतर लडाखच्या आकाशात लाल प्रकाश दिसलेला असतो आणि त्याचे फोटो फिरत असतात. या दोहोंच्या मधला धोका सौरवादळाचा. तो आपल्या विजेच्या तारांशी, कोकणातल्या मासेमारीशी, विमानप्रवासाशी जोडलेला आहे. त्याची चर्चा शास्त्रज्ञांच्या परिषदांबाहेर फारशी होत नाही. माझी मागणी अशी की पूर, दरड, चक्रीवादळ, भूकंप यांच्या पंक्तीत सौरवादळाला स्वतंत्र जागा मिळावी, राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात आणि जिल्ह्यांच्याही. ती का मिळावी, हे मुद्द्यांनी मांडतो.

१. ताऱ्यांच्या स्फोटाची भीती आधी मापात बसवू.

मोठा तारा आयुष्याच्या शेवटी फुटतो तेव्हा गॅमा किरण आणि विश्वकिरण प्रचंड प्रमाणात बाहेर पडतात. असा स्फोट जवळ झाला, तरी जमिनीवरची माणसं त्या किरणांनी थेट भाजून मरणार नाहीत. दणका बसेल तो वातावरणाच्या वरच्या थरांना. तिथले नायट्रोजनचे रेणू तुटतील, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतील आणि ती ओझोन नष्ट करतील. ओझोनचा थर विरळ झाला की सूर्याचे अतिनील किरण जमिनीपर्यंत आणि समुद्राच्या वरच्या पाण्यापर्यंत पोचतील आणि अन्नसाखळीच्या तळाशी असलेल्या सूक्ष्म वनस्पती मरू लागतील.

पण ‘जवळ’ म्हणजे किती? जीवसृष्टीला मोठा फटका बसायचा तर स्फोट साधारण २५-३० प्रकाशवर्षांच्या आत व्हायला हवा, असा अंदाज आहे. मृग नक्षत्रातला काक्षी, म्हणजे ज्याच्या स्फोटाची बातमी दर थोड्या वर्षांनी येते तो तांबडा तारा, पाचशेहून अधिक प्रकाशवर्षं दूर आहे. तो फुटला तर दिवसासुद्धा दिसेल, पण आपलं काही बिघडवणार नाही. तीस प्रकाशवर्षांच्या आत फुटण्याच्या बेतात असलेला एकही तारा नाही.

त्याहून दूरच्या स्फोटांची राख पृथ्वीवर खरोखर पडलेली आहे. पॅसिफिक महासागराच्या तळाशी अतिशय सावकाश साचणाऱ्या खनिज थरांत लोह-६० हा किरणोत्सर्गी अणू सापडला. त्याचं अर्धायुष्य सुमारे २६ लाख वर्षं. पृथ्वीच्या जन्माच्या वेळचं लोह-६० केव्हाच संपून गेलं असणार, म्हणजे हे नंतर बाहेरून आलेलं. थरांच्या वयावरून ते वीस ते तीस लाख वर्षांपूर्वी पडलं असं दिसतं. आपले पूर्वज तेव्हा आफ्रिकेत वावरत होते आणि त्यांची साखळी तुटली नाही. सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वीच्या मोठ्या जीवनाशामागे गॅमा किरणांचा स्फोट असावा, असंही एक मत आहे. ते अजून मतच आहे, त्या काळातल्या हिमयुगाचं स्पष्टीकरण अधिक भक्कम वाटतं. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी सुमारे दोन अब्ज प्रकाशवर्षांवरून आलेल्या अशाच एका स्फोटाने पृथ्वीच्या आयनांबरात, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वरच्या थरात, मोजण्याइतका फरक घडवला. जमिनीवर कुणाला काही जाणवलं नाही.

या सगळ्यात नागरिक म्हणून आपल्या हातात असलेली गोष्ट एकच: ओझोन. तो आपण स्वतःच शीतकरणाच्या रसायनांनी पोखरत होतो आणि १९८७च्या माँट्रियल करारामुळे ती पोखरण थांबली. तो करार पाळत राहणं हे ताऱ्यांविरुद्धचंही संरक्षण आहे. बाकी काक्षीसाठी झोप उडवून घेऊ नये.

२. खरा विचार करायचा तो सूर्याचा.

जपानच्या याकू बेटावरच्या जुन्या देवदारांची वर्तुळं तपासताना फुसा मियाके या संशोधिकेला इ.स. ७७४-७७५च्या वर्तुळात कार्बन-१४चं प्रमाण एका वर्षात १.२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. हे २०१२ साली प्रसिद्ध झालं. कार्बन-१४ वरच्या हवेत विश्वकिरणांमुळे तयार होतो आणि झाडं तो प्रकाशसंश्लेषणातून घेतात. एवढी अचानक उडी म्हणजे त्या वर्षी आकाशातून कणांचा असाधारण मारा झाला. तशीच उडी इ.स. ९९३-९९४च्या वर्तुळांत सापडली, आणि फ्रान्सच्या आल्प्समधल्या पुरलेल्या झाडांत १४,३०० वर्षांपूर्वीची त्याहून मोठी. आज बहुतेक अभ्यासकांचा कौल सूर्याकडे आहे. याचा अर्थ असा की यंत्रांनी आजवर मोजलेल्या कुठल्याही सौर कणवर्षावापेक्षा कितीतरी मोठे वर्षाव सूर्य अधूनमधून करतो.

आठव्या शतकातल्या शेतकऱ्याला त्याची झळ लागल्याचा पुरावा नाही. त्याच्याकडे तारा नव्हत्या, उपग्रह नव्हते, पाण्याच्या टाकीपर्यंत पाणी चढवणारा पंप नव्हता. जीवसृष्टीला हे वादळ आजही सोसेल. सोसणार नाही ते जीवसृष्टीतल्या एकाच प्राण्याने स्वतःभोवती विणलेल्या विजेच्या जाळ्याला, आणि आपल्यापैकी कुणाचाही दिवस आता त्या जाळ्यावाचून जात नाही.

३. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध सौरवादळाचा मोलाचा पुरावा मुंबईचा आहे.

हा मुद्दा सविस्तर सांगतो, कारण मराठी माणसाला तो शाळेत सांगितला जायला हवा होता.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा उभारली आणि १८४०च्या दशकात तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मोजमापं सुरू झाली. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग रेखाटत असताना त्यांना डागांच्या समूहात डोळे दिपवणारी ज्वाला दिसली. रिचर्ड हॉजसन यांनी ती वेगळ्या ठिकाणाहून पाहिली. सुमारे साडेसतरा तासांनी सूर्यातून सुटलेला वायूचा ढग पृथ्वीवर आदळला. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांच्या कचेऱ्यांत ठिणग्या उडाल्या. बॉस्टन आणि पोर्टलंड या शहरांमधल्या तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि तारेत आपोआप आलेल्या प्रवाहावर संदेश पाठवले.

वादळाचा जोर इतका होता की अनेक वेधशाळांच्या नोंदी कागदाबाहेर गेल्या. कुलाब्याला मात्र माणूस डोळ्यांनी सुईचं वाचन करून वहीत आकडा लिहीत होता. एरवी दर तासाला, आणि सुई बेचैन झाली की दर पंधरा किंवा पाच मिनिटांनी. २ सप्टेंबरच्या त्या वाचनांत मुंबईचं आडवं चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली कोसळलेलं दिसतं, म्हणजे जवळजवळ चार टक्के. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्स लखिना आणि त्यांचे सहकारी यांनी या वह्यांतले आकडे जगापुढे आणले आणि कॅरिंग्टन वादळाच्या ताकदीची चर्चा त्यांच्याभोवती फिरू लागली. तासाभराची सरासरी काढली तर १६०० हा आकडा जवळपास निम्म्यावर येतो, हेही सांगायला हवं. तरी तुलनेसाठी, मे २०२४च्या वादळात चुंबकीय क्षेत्राच्या घटीचा जागतिक निर्देशांक सुमारे ४०० नॅनोटेस्ला होता, १९८९च्या वादळाचा सुमारे ५९०.

१८७२च्या ४ फेब्रुवारीलाही असंच एक मोठं वादळ झालं. त्या वेळी मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसल्याची बातमी मुंबईच्याच वर्तमानपत्रात आली आणि मुंबई-एडन या समुद्राखालच्या तारेवरचं दळणवळण काही तास विस्कळीत झालं. उष्ण कटिबंधातल्या शहराला सौरवादळाने गाठल्याची ही नोंद आपल्या गावची आहे.

मग ट्राम आली. मुंबईत विजेवर ट्राम चालवायचं ठरलं तेव्हा तिच्या प्रवाहाने कुलाब्याची चुंबकीय वाचनं बिघडणार, हे स्पष्ट झालं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत अलिबागला लोखंड वगळून नवी इमारत बांधली गेली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी वाचनं घेतली, म्हणजे जुन्या-नव्या नोंदींची सांगड तुटू नये. ट्राम १९०७ साली धावली. शहराला वीज हवी होती आणि शास्त्राला शांतता. दोन्ही मिळतील असा निर्णय त्या काळच्या प्रशासनाने वेळेआधी घेतला. त्यामुळे आज आपल्याकडे दीडशेहून अधिक वर्षांची सलग मालिका आहे, जिच्या तोडीच्या मालिका जगात मोजक्याच असतील.

४. ‘आपण विषुववृत्ताजवळ, आपल्याला काय होणार?’ हे उत्तर अर्धंच खरं आहे.

खरा अर्धा भाग आधी मान्य करतो. चुंबकीय ध्रुवांजवळच्या देशांना सर्वांत मोठा फटका बसतो. १३ मार्च १९८९ला कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचं विजेचं जाळं सुमारे ९० सेकंदांत कोसळलं आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. कारण असं: चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदललं की जमिनीत प्रवाह निर्माण होतो. तो अर्थिंगच्या वाटेने मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये चढतो. उलटसुलट प्रवाहासाठी बनवलेल्या त्या यंत्राच्या गाभ्यात जवळपास एकाच दिशेचा प्रवाह शिरला की गाभा भरून जातो आणि यंत्र तापतं.

उरलेला अर्धा भाग दक्षिण आफ्रिकेने दाखवला. २००३च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या वादळांनंतर तिथले अनेक मोठे ट्रान्सफॉर्मर निकामी झाले. तो देश काही ध्रुवाजवळचा नाही. न्यूझीलंडमध्ये नोव्हेंबर २००१मध्ये डुनेडिनचा ट्रान्सफॉर्मर गेला. त्यातून ते शिकले. मे २०२४मध्ये वादळ येतंय असं कळताच तिथल्या पारेषण कंपनीने काही वाहिन्या आधीच बंद ठेवल्या आणि देशाचा वीजपुरवठा सुरळीत राहिला. शिकण्यासारखं उदाहरण हे आहे, क्वेबेकचं नव्हे.

आपल्याकडे ७६५ किलोव्होल्टच्या शेकडो किलोमीटर लांब वाहिन्या आता देशाच्या अनेक भागांत आहेत. वाहिनी जितकी लांब आणि तिचा रोध जितका कमी, तितका हा पाहुणा प्रवाह तिच्यात सहज शिरतो. शिवाय दक्षिण भारतावरून, चुंबकीय विषुववृत्ताच्या वर, आकाशात विजेचा एक नैसर्गिक झोत दिवसा वाहतो आणि वादळात तो जमिनीवरची चुंबकीय उलथापालथ वाढवू शकतो. धोका क्वेबेकइतका नाही, शून्यही नाही.

आणि वीज गेली तर काय होतं, हे आपल्याला सौरवादळावाचून माहीत आहे. जुलै २०१२च्या अखेरीस उत्तर आणि पूर्व भारतातलं जाळं कोसळलं तेव्हा साठ कोटींहून अधिक लोकांना फटका बसला. १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी मुंबई महानगरात वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि कोविडच्या ऐन काळात रुग्णालयांना जनित्रांवर जावं लागलं. दोन्हींची कारणं पृथ्वीवरचीच होती. तेव्हा तारा पुन्हा जोडल्या की वीज आली. सौरवादळात मोठा ट्रान्सफॉर्मर जळला तर तो जागेवर दुरुस्त होत नाही. नवा मागवावा लागतो, तो बनायला महिनोन्‌महिने लागतात, आणि त्याच वादळात दहा देशांचे ट्रान्सफॉर्मर गेले असतील तर रांग लागते. राखीव ट्रान्सफॉर्मर किती आणि कुठे, हा प्रश्न आमदारांनी ऊर्जा खात्याला विचारायलाच हवा.

५. दर्यावर गेलेल्यांचा विचार.

जीपीएसचा संदेश उपग्रहाकडून येताना आयनांबरातून येतो. सौरवादळात तो थर खवळतो आणि स्थान चुकतं, कधी संदेशच तुटतो. आपल्या अक्षांशांवर हा थर विशेष दाट असतो आणि सूर्य मावळल्यावर तो विस्कटतो, त्यामुळे या बाबतीत आपण कॅनडापेक्षा सुरक्षित नाही. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि खाली गोव्यात, ट्रॉलरवरचा तांडेल आज मासळीची जागा, खडक आणि परतीची वाट जीपीएसवर पाहतो. हवामान खातं वादळी वाऱ्याचा इशारा देतं तेव्हा तो बंदरावर पोचतो, धोक्याचा बावटा लागतो. सौरवादळाचा इशाराही त्याच वाटेने, त्याच माणसांकडून, मराठीत आणि कोकणीत पोचायला हवा: आज रात्री यंत्रावर विसंबू नका, होकायंत्र जवळ ठेवा, किनाऱ्याच्या खडकांपासून लांब राहा. होकायंत्राची सुई वादळात थोडी हलते, पण दिशा ओळखण्यापुरती ती पुरेशी असते. एवढा निरोप द्यायला पैसे लागत नाहीत, ठरवणं लागतं.

६. एका कणाने बदललेला आकडा.

१८ मे २००३ला बेल्जियममध्ये, ब्रसेल्सजवळच्या स्कारबेकमध्ये, मतमोजणीच्या संगणकाने एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त दिली. त्या व्यक्तीला शक्य होती त्याहून ती जास्त होती म्हणून चूक पकडली गेली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, अर्थात संगणकाच्या स्मृतीतला एकच अंक शून्याचा एक झालेला. विश्वकिरणांचा एखादा कण स्मृतीच्या चिपवर आदळला असावा, हे सर्वांत पटणारं स्पष्टीकरण आहे, सिद्ध करता येणारं नाही. नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस एअरबसने जाहीर केलं की तीव्र सौर किरणोत्सर्गामुळे ए-३२० जातीच्या विमानांच्या नियंत्रण संगणकातली महत्त्वाची माहिती बिघडू शकते. जगभरातल्या सुमारे सहा हजार विमानांमध्ये तातडीने बदल करावे लागले, त्यात आपल्याकडची शेकडो विमानं होती. मतदान, सिग्नल, औषधाचा पंप, धरणाचे दरवाजे: जिथे संगणकाच्या एका अंकावर माणसाचा हक्क किंवा जीव अवलंबून आहे, तिथे दुसरी, स्वतंत्र पडताळणी सरकारने निविदेतच अट म्हणून घालावी.

७. आकाशात नोकरी करणाऱ्यांचा किरणोत्सर्ग कोण मोजतं?

दहा-बारा किलोमीटर उंचीवर हवेचं पांघरूण पातळ असतं आणि ध्रुवांकडे पृथ्वीचं चुंबकीय संरक्षणही कमी. जानेवारी २०२१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला पूर्णपणे महिला वैमानिकांच्या चमूने उत्तर ध्रुवावरून विमान आणलं, देशाला त्याचा अभिमान वाटला आणि वाटायलाच हवा. त्या अभिमानाबरोबर एक कर्तव्य येतं. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने १९९०मध्येच विमान कर्मचाऱ्यांना किरणोत्सर्गाखाली काम करणारे मानलं. युरोपात १९९६च्या निर्देशानंतर वर्षाला एक मिलिसिव्हर्टहून जास्त मात्रा मिळू शकणाऱ्या कर्मचाऱ्यांची मात्रा मोजणं आणि गरोदर कर्मचाऱ्यांना संरक्षण देणं विमान कंपन्यांवर बंधनकारक झालं. एक मिलिसिव्हर्ट ही आपल्याकडे सर्वसामान्य नागरिकासाठीची वार्षिक मर्यादा आहे. क्ष-किरण विभागातला तंत्रज्ञ छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला लावतो. लांब पल्ल्याच्या विमानातल्या प्रत्येक कर्मचाऱ्यालाही वर्षभराच्या मात्रेचा कागद, न मागता, हातात मिळाला पाहिजे.

८. शास्त्र आपल्याकडे आहे, शेवटचा टप्पा नाही.

उटीजवळच्या ग्रेप्स-३ प्रयोगाने २२ जून २०१५च्या वादळात दोन तास विश्वकिरणांचा मारा वाढलेला पकडला. २ सप्टेंबर २०२३ला निघालेलं आदित्य-एल१ यान जानेवारी २०२४पासून पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर सूर्यावर नजर ठेवून आहे. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाने बनवली. भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलला आहे, राज्याचं भार प्रेषण केंद्र ऐरोलीला. मधलं अंतर गाडीने तासाभराचंही नाही.

वेळेचं गणित मात्र कठोर आहे. ज्वालेचा प्रकाश आठ मिनिटांत येतो. चुंबकीय वादळ घडवणारा ढग पंधरा तास ते तीन दिवसांत पोचतो, पण तो किती जोराचा हे तो आदित्यजवळून जाताना कळतं आणि तिथून पृथ्वी पाऊण तासावर, कधी पाव तासावर. त्या पाव तासात बैठक बोलावता येत नाही. कोण कुणाला फोन करेल, कुठल्या वाहिनीवरचा भार कमी होईल, कुठलं काम थांबेल, हे आधी लिहून आणि सराव करून ठेवलेलं असलं तरच उपयोग.

म्हणून मागण्या अशा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ साली झाला, त्याखालच्या राज्य आराखड्यात सौरवादळाचं स्वतंत्र प्रकरण असावं आणि एक अधिकारी त्याला जबाबदार असावा. पनवेल आणि ऐरोली यांच्यात लेखी कार्यपद्धती असावी आणि वर्षातून एकदा महापारेषणसह सराव व्हावा, त्याचा अहवाल जाहीर व्हावा. मोठ्या ट्रान्सफॉर्मरमधला हा जमिनीतून येणारा प्रवाह मोजणारी यंत्रं महत्त्वाच्या उपकेंद्रांवर बसावीत, कारण मोजल्याशिवाय आपला धोका किती हा वाद संपणारच नाही. रुग्णालयं आणि पाणीपुरवठा योजनांनी जनित्राचं डिझेल काही तासांचं नव्हे तर काही दिवसांचं धरावं.

आणि अलिबाग. मांडव्याची जलवाहतूक, नवे रस्ते, वसाहती यांनी ते गाव झपाट्याने वाढतंय आणि वाढू द्यायलाही हवं. पण चुंबकीय वेधशाळेला वाहनं, लोखंडी बांधकामं आणि विजेचे प्रवाह जवळ चालत नाहीत. विकास आराखड्यात तिच्याभोवती संरक्षित पट्टा आखावा, आणि तो पाळणं शक्य नसेल तर मूस यांच्या काळात झालं तसं नवी जागा शोधून, तिथे लोखंडाविना इमारत बांधून, जुनं आणि नवं यंत्र किमान दोन वर्षं शेजारी-शेजारी चालवावं. तो निर्णय यंत्रात बिघाड दिसू लागल्यावर नव्हे, रस्त्याची निविदा निघण्याआधी व्हावा.